मोतीबिंदू: मोनोफोकल की मल्टिफोकल?

सदाशिव पेठेतल्या आमच्या घरी आईच्या मोतीबिंदूपेक्षा लेन्सवरच जास्त खल झाला. ऑपरेशन दोन्हींत तेच. दोन-तीन मिलिमीटरची चीर, गढुळलेलं भिंग अल्ट्रासाउंडने फोडून ओढून घ्यायचं आणि त्या जागी घडी घालून आत सरकवलेली कृत्रिम लेन्स.

मोनोफोकलचा नंबर एकाच अंतरासाठी. बहुतेक जण लांबचा घेतात. मग बसची पाटी लख्ख दिसते, पण पेपर वाचायला, सुईत दोरा ओवायला चष्मा लागतोच. मल्टिफोकल प्रकाश लांब आणि जवळ असा वाटून देते, त्यामुळे चष्मा बराचसा सुटतो. पण वाटणी आली की प्रत्येकाला थोडं कमीच! अंधुक उजेडात कॉन्ट्रास्ट, म्हणजे फिकट-गडद यांतला फरक, घटतो, रात्री दिव्यांभोवती वलयं दिसतात. अंधार पडल्यावर लक्ष्मी रोडवरून स्कूटर हाकणाऱ्याला हे जाचू शकतं. बऱ्याच जणांना काही महिन्यांत सवय होते, सगळ्यांना नाही. दृष्टिपटलाचा आजार किंवा बळावलेला काचबिंदू असेल तर डॉक्टर सहसा ती टाळतात. किंमतही चांगलीच जास्त.

तिरपा (सिलिंड्रिकल) नंबर असेल तर तोही भरून काढणारी टोरिक लेन्स. ती दोन्ही प्रकारांत मिळते.

आईने मोनोफोकल घेतली. म्हणाली, "चाळिशीपासून नाकावर आहे चष्मा, आता कुठे टाकू त्याला?"