वाफेवरचा रोड रोलर: डोलता सिलिंडर की सरकती झडप?

रोड रोलरचं चालतं मॉडेल करायला घेतलं की पहिला प्रश्न सिलिंडरचा. डोलता सिलिंडर सोपा. दट्ट्याचा दांडा थेट क्रँकला (चाक फिरवणाऱ्या वाकड्या दांड्याला), सिलिंडर स्वतःच खिळीवर झुलतो आणि त्याचं भोक कधी वाफेच्या, कधी निकासाच्या भोकासमोर येतं. वेगळी झडप नाहीच. काचेवर पॉलिश पेपर ठेवून दोन्ही घासते पृष्ठभाग सपाट केले की काम भागतं. पण दाब वाढला की सिलिंडरला भोकांच्या पाटीवर दाबून धरणारी स्प्रिंग दबते आणि वाफ फुसफुसत निसटते.

सरकत्या झडपेत सिलिंडर जागचा हलत नाही, मागेपुढे सरकणारी झडपच वाफेची भोकं उघडते-मिटते. तिला एक्सेंट्रिक (आसावर मध्यापासून बाजूला बसवलेली चकती), दांडे, झडपेची पेटी असं सगळं लागतं. जुळणी जराशी चुकली तरी चाक अडखळतं. तरीही मी हीच घेईन. खऱ्या रोलरचा सिलिंडर बॉयलरवर घट्ट बसलेला असतो. मॉडेलवर तो डोलताना दिसला की माझं मन खट्टू होतं.