अ‍ॅरानेट ४ : खोलीतली हवा मोजणारा मीटर, साथीच्या दिवसांत कितपत कामाचा?

हा मीटर विषाणू नव्हे, कार्बन डायऑक्साइड मोजतो. बाहेरच्या हवेत तो साधारण ४२० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) असतो, उच्छ्वासात ४०,०००च्या आसपास. म्हणजे खोलीत १,००० दिसले की प्रत्येक श्वासातली सुमारे दीड टक्का हवा आधी कुणाच्या तरी फुप्फुसात जाऊन आलेली असते. १,६०० असतील तर तीन टक्के. मास्क कुठे लावायचा, कुठे काढून निवांत बसायचं, हे ठरवायला नुसत्या भीतीपेक्षा किंवा बेफिकिरीपेक्षा हा आकडा बरा.

आत एनडीआयआर सेन्सर आहे, म्हणजे वायू अवरक्त प्रकाशाने मोजला जातो. स्वस्तातले बरेच मीटर भलताच वायू मोजून आकडा अंदाजाने दाखवतात. सॅनिटायझर जवळ नेल्यावर आकडा उसळला तर तो मीटर परत करा.

रंगांच्या पट्टीवर मात्र विसंबू नका. मूळ सेटिंगमध्ये १,०००पर्यंत हिरवा, १,४००पर्यंत पिवळा असतो. साथीच्या काळात हे फारच उदार वाटतं. अ‍ॅपमधून मर्यादा ८००वर आणता येते.

याचा खरा उपयोग खोलीची हवा किती वेळा बदलते हे काढण्यात आहे. खोली भरलेली असताना आकडा घ्या, समजा १,६२०. त्यातून बाहेरचे ४२० वजा केले की उरतात १,२००. मग सगळ्यांनी बाहेर पडायचं आणि ही वाढ ३७ टक्क्यांवर, म्हणजे ४४०च्या आसपास यायला (मीटरवर साधारण ८६०) किती वेळ लागतो ते पाहायचं. २० मिनिटं लागली तर तासाला ३ वेळा हवा बदलते. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने २०२३ पासून तासाला किमान ५ वेळा सुचवले आहे. खिडकी उघडून, पंखा लावून पुन्हा मोजा. कोणता उपाय कामाचा आणि कोणता नुसता देखावा, ते लगेच कळतं. नोंदीचं अंतर १ मिनिटावर ठेवा, बॅटरी लवकर संपेल पण आलेख नीट मिळेल.

फसगतही होते. हवा शुद्ध करणाऱ्या यंत्रातला हेपा फिल्टर (बारीक कण अडवणारी गाळणी) विषाणूचे कण गाळतो, पण वायूला हात लावत नाही, त्यामुळे आकडा उगाच घाबरवतो. पेटत्या गॅसनेही तो चढतो. उलट, ७००वर जोरजोराने गाणाऱ्यांची खोली १,०००वर गप्प वाचणाऱ्यांच्या खोलीपेक्षा धोकादायक असू शकते, कारण गाताना कण कितीतरी जास्त सुटतात. आणि समोरासमोर हातभर अंतरावर बोलणाऱ्या माणसाचा धोका खोलीच्या सरासरीत दिसतच नाही. तिथे मास्कच हवा.

मीटर बसलेल्या माणसाच्या नाकाच्या उंचीवर, पण तोंडापासून आणि खिडकीपासून मीटरभर दूर ठेवा. स्वयंचलित कॅलिब्रेशन, म्हणजे मीटरने आपला आकडा बाहेरच्या हवेशी आपोआप जुळवून घेणं, मीटरला अधूनमधून मोकळी हवा मिळते असं गृहीत धरतं. खोली कधीच रिकामी होत नसेल तर आकडे हळूहळू खोटे कमी दिसू लागतात; तिथे मॅन्युअल ठेवा आणि मीटर बाहेर, उन्हाआड, कुणी जवळ श्वास सोडत नसताना कॅलिब्रेट करा.