ॲनिमियाच्या रक्त तपासण्या: काही महिन्यांनंतर कुठली कामी आली, कुठली नाही

हिमोग्लोबिन कमी आहे एवढं कळायला एक सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची साधी मोजणी, पुरते. ते का कमी आहे हे कळायला मला काही महिने लागले. बरेच जण पहिल्या आकड्यावर थांबतात, लोहाच्या गोळ्या सुरू करतात आणि विषय संपवतात. तसं करू नका, एवढ्यासाठीच हे सविस्तर लिहिते आहे.

माझं हिमोग्लोबिन ९.४ होतं. जागतिक आरोग्य संघटनेची सीमारेषा पुरुषांसाठी १३, गरोदर नसलेल्या स्त्रियांसाठी १२ आणि गरोदरपणात साधारण ११ ग्रॅम प्रति डेसीलिटर. म्हणजे ॲनिमिया होता यात वादच नव्हता. पण सीबीसीचा खरा उपयोग हिमोग्लोबिनच्या खालच्या ओळींत आहे, आणि त्या ओळी कुणी वाचून दाखवत नाही. एमसीव्ही म्हणजे लाल पेशींचा सरासरी आकार, साधारण ८० ते १०० फेमटोलिटर. माझा ७१. पेशी लहान असल्या की आधी लोहाची कमतरता किंवा थॅलेसेमिया मायनर, म्हणजे हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक दोषाचा सौम्य प्रकार, याचा विचार होतो. मोठ्या असल्या तर बी१२, फोलेट, यकृत, थायरॉइड यांच्याकडे बघतात. थॅलेसेमिया मायनरमध्ये पेशी लहान असूनही त्यांची संख्या भरपूर असते. माझी संख्या मायक्रोलिटरमागे ४.१ दशलक्ष. एमसीव्हीला या संख्येने भागायचं. उत्तर १३ च्या खाली आलं तर थॅलेसेमियाचा संशय वाढतो. माझं १७ च्या वर आलं. हा नुसता अंदाज आहे, निदान नाही, पण पुढे काय तपासायचं हे ठरवायला मदत झाली.

आरडीडब्ल्यूकडेही लक्ष द्या. पेशींच्या आकारात किती तफावत आहे ते तो सांगतो. लोह आणि बी१२ दोन्ही कमी असतील तर लहान आणि मोठ्या पेशींची सरासरी निघून एमसीव्ही अगदी नॉर्मल दिसू शकतो, आणि मग वाढलेला आरडीडब्ल्यू किंवा स्मिअर (काचेवर रक्ताचा थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं) हेच गडबड उघड करतात.

आता फेरिटिन. माझ्या मते या सगळ्यात सर्वांत मोलाची तपासणी, आणि सर्वांत जास्त फसवणारीही. शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा अंदाज यावरून येतो. माझं पहिलं फेरिटिन ३४ आलं. रिपोर्टवर त्या आकड्याला ना ठळक अक्षर, ना बाण. लॅबच्या रेंजमध्ये बसत होता ना! पण तेव्हा मला ताप-खोकला होता आणि सीआरपी, म्हणजे शरीरातली सूज दाखवणारा आकडा, वाढलेला होता. शरीरात जंतुसंसर्ग किंवा सूज असली की फेरिटिन आपोआप वर जातं, साठा रिकामा असला तरी. म्हणूनच निरोगी प्रौढांसाठी १५ ही मर्यादा धरणारी जागतिक आरोग्य संघटना संसर्ग किंवा सूज असताना ७० पर्यंत कमतरता धरायला सांगते. माझ्या डॉक्टरांनी त्या ३४ वर विश्वास ठेवला नाही. बरी झाल्यावर पुन्हा तपासलं तर ७. फेरिटिनबरोबर सीआरपी करून घ्या, हे मी आता भेटेल त्याला सांगते.

नुसतं सीरम आयर्न मात्र एकटं करू नये. ते दिवसभरात खालीवर होतं, आदल्या दिवशीच्या गोळीनेही बदलतं. टीआयबीसी (रक्त एकूण किती लोह वाहून नेऊ शकतं ते) सोबत असेल आणि त्यावरून ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन, म्हणजे त्या क्षमतेपैकी किती टक्के लोहाने भरली आहे, ते काढलं असेल तरच त्याला अर्थ. माझं सॅच्युरेशन ८ टक्के होतं. २० च्या खाली गेलं की लोह कमी पडतंय असं समजतात.

गोळ्या सुरू झाल्या. पाळीचा रक्तस्राव जास्त म्हणून लोह कमी, असं सगळ्यांनीच गृहीत धरलं होतं. गोळ्या लागू पडल्या तर आठवड्याभरात रेटिक्युलोसाइट, म्हणजे कोवळ्या लाल पेशी, वाढायला लागतात आणि तीन-चार आठवड्यांत हिमोग्लोबिन एक-दोन ग्रॅमने चढतं. माझं जेमतेम अर्ध्या ग्रॅमने चढलं. गोळी मी चुकवत नव्हते. डॉक्टरांनी विचारलं, “मग हे लोह जातंय कुठे?” सगळा तपास फिरला तो या प्रश्नाने. टीटीजी-आयजीए ही सिलिॲक आजाराची (गहू, जव यांतल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे आतड्याचं अस्तर बिघडतं तो) तपासणी झाली, सोबत एकूण आयजीए हे प्रतिपिंडही, कारण ज्यांच्यात आयजीएच कमी असतं त्यांचा रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येऊ शकतो. टीटीजी बरंच वाढलेलं निघालं, पुढे एंडोस्कोपीत बायॉप्सीने ते पक्कं झालं. आतड्याचं अस्तर खराब झाल्यामुळे लोह शोषलंच जात नव्हतं. या तपासण्या होईपर्यंत ग्लुटेन बंद करू नका, नाहीतर आजार असूनही रिपोर्ट साफ येईल.

पाळीवर खापर फोडणं सोपं असतं. पुरुषांना किंवा पाळी गेलेल्या स्त्रियांना लोहाची कमतरता निघाली तर पोट दुखत नसलं तरी पचनमार्गातून रक्त जातंय का हे बघावंच लागतं. ते काम रक्त तपासणीचं नाही. त्यासाठी वरून आणि खालून दोन्हीकडून दुर्बीण टाकून बघतात.

काही बारीकसारीक गोष्टी. सीबीसीसाठी जांभळ्या झाकणाची नळी असते, आत गोठू न देणारं ईडीटीए असतं. रक्त घेतल्यावर ती हलक्या हाताने आठ-दहा वेळा उलटसुलट करायची असते. एकदा माझ्यासमोर ती तशीच रॅकमध्ये ठेवली गेली आणि प्लेटलेट भलतेच कमी आले. सॅम्पलमध्ये गुठळी झाली होती. पुन्हा रक्त दिलं तर सगळं ठीक. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर आधी सांगा, काही यंत्रांवर फेरिटिन आणि बी१२ चे आकडे त्याने चुकतात. आणि तुलना करायची तर दर वेळी एकाच लॅबमध्ये जा.

ग्लुटेन बंद केल्यावर त्याच गोळ्या लागू पडल्या. आता हिमोग्लोबिन १२.३ आहे, फेरिटिन २२. साठा अजून भरलेला नाही, म्हणून गोळ्या चालूच आहेत. एमसीव्ही सावकाश वर येतोय; लाल पेशी साधारण १२० दिवस जगते, त्यामुळे जुन्या लहान पेशी जायला वेळ लागतोच. पुढच्या खेपेला सीबीसी आणि फेरिटिनबरोबर टीटीजीही पुन्हा करायचं आहे.