न्यू जर्सीतील घरपोच किराणा: सामान उत्तम, पिशव्यांचा हिशेब कच्चा

एडिसन परिसरातील एका मोठ्या सुपरमार्केटची घरपोच किराणा सेवा आम्ही बऱ्याच काळापासून वापरत आहोत आणि सामानाच्या दर्जाबद्दल तक्रार करण्यासारखे तीत फारसे काही नाही. भाजी ताजी असते, एखादी वस्तू संपली असेल तर तिच्याऐवजी दुसरी देण्याआधी फोनवर विचारले जाते आणि ठरलेल्या वेळेत गाडी दाराशी येते. तरीही हे परीक्षण मुख्यतः तिच्या पिशव्यांविषयी आहे. ही सेवा नेमाने वापरणाऱ्या घरात काही महिन्यांतच जाड, धुता येण्याजोग्या पिशव्यांचा ढीग साठतो आणि त्याचे पुढे काय करायचे याचे उत्तर सेवेकडे नाही.

तेव्हाचे गव्हर्नर फिल मर्फी यांनी ४ नोव्हेंबर २०२० रोजी स्वाक्षरी केलेला पिशवीबंदीचा कायदा न्यू जर्सीत ४ मे २०२२ पासून अमलात आला. त्याने एकदाच वापरायच्या प्लास्टिक पिशव्या बंद केल्याच, शिवाय २,५०० चौरस फूट किंवा त्याहून मोठ्या किराणा दुकानांना कागदी पिशव्या देण्यासही मनाई केली. हडसन नदीपलीकडे न्यूयॉर्क राज्यात १ मार्च २०२० पासून प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आहे, पण कागदी पिशवी चालते. महाराष्ट्रातही २०१८ च्या बंदीनंतर कागदाचा मार्ग मोकळा राहिला, त्यामुळे पुण्या-मुंबईत ॲपवरून मागवलेले सामान तपकिरी कागदी पिशवीत येऊ शकते. न्यू जर्सीतील मोठ्या दुकानाकडे मात्र शिवलेल्या बंदांची, पुन्हा पुन्हा वापरता येणारी पिशवी नाहीतर पुठ्ठ्याचे खोके एवढेच पर्याय उरतात.

ग्राहक स्वतः दुकानात जातो तिथे ही व्यवस्था चांगली चालते आणि मी तिच्या पूर्णपणे बाजूने आहे. ओक ट्री रोडवरील भारतीय दुकानांत लोक भारतातून आणलेल्या कापडी पिशव्या घेऊन येतात आणि दुकानदाराकडे रिकामे खोके मागितले तर तो ते आनंदाने देतो. क्लीन ओशन ॲक्शन या संस्थेच्या स्वयंसेवकांना बंदीनंतर किनाऱ्यांवर सापडणाऱ्या प्लास्टिक पिशव्यांत घट दिसली, ही साधी गोष्ट नाही.

पण कायद्याचा सगळा भर ग्राहकाने घरून पिशवी आणण्यावर आहे आणि ऑनलाइन खरेदीत ग्राहक दुकानात नसतोच. तिथे कर्मचारी यादी पाहून सामान गोळा करतात. थंड वस्तू, भाजी, कोरडे सामान आणि साबण-फिनाइल एकमेकांत मिसळू नयेत म्हणून प्रत्येक प्रकाराला वेगळी पिशवी लावली जाते. ते योग्यच आहे, पण परिणामी एका डझन अंड्यांसाठी एक आणि कोथिंबिरीच्या दोन जुड्यांसाठी दुसरी अशा अर्ध्या रिकाम्या पिशव्या दाराशी येतात. आठवड्याचे सामान एकाच दुकानातून नेणाऱ्या कुटुंबाला ज्या मोजक्या पिशव्या वर्षभर पुरल्या असत्या, तेवढ्या इथे एका फेरीत येतात, आणि त्यांचे पैसेही बिलात लावलेले असतात.

या पिशव्या दिसायला कापडासारख्या असल्या तरी बहुतेक पॉलिप्रॉपिलीनच्या, म्हणजे प्लास्टिकच्याच असतात. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, हवामानावरील परिणामाच्या दृष्टीने अशी पिशवी एकदाच वापरलेल्या पातळ प्लास्टिक पिशवीपेक्षा बरी ठरायची असेल, तर ती किमान ११ वेळा वापरली गेली पाहिजे. सुती पिशवीच्या बाबतीत हा आकडा १३१ आहे. दर आठवड्याला नव्या पिशव्या येत असतील तर जुन्यांचा ११ वेळा वापर करायचा तरी कधी? घरोघरी उचलल्या जाणाऱ्या पुनर्वापराच्या (रिसायकलिंगच्या) डब्यातही त्या घेतल्या जात नाहीत. कायद्याचे एक प्रमुख पुरस्कर्ते, राज्याचे सेनेटर बॉब स्मिथ यांनीही घरपोच किराण्यातील ही त्रुटी २०२२ मध्येच मान्य केली होती. बंदीच चुकीची, असा निष्कर्ष यातून काढणाऱ्यांशी मी सहमत नाही. जी पिशवी परत जात नाही ती कितीही जाड असली तरी एकदाच वापरायची पिशवी होते, आणि ती परत नेण्याची सोय करणे सेवेच्या हातात आहे.

सेवेवरचा माझा खरा आक्षेप इथेच आहे. सामान घेऊन येणारी गाडी परतताना रिकामी जाते. घडी करून ठेवलेल्या स्वच्छ पिशव्या तिच्यातून परत न्याव्यात, अशी विनंती मी ग्राहक सेवेला केली, तेव्हा स्वच्छतेच्या नियमामुळे ते शक्य नाही असे उत्तर मिळाले. अन्नपदार्थांच्या बाबतीत ही काळजी समजण्यासारखी आहे, परंतु पिशव्या धुऊन पुन्हा वापरणे जमत नसेल तर खोक्यांतून सामान पाठवावे. कायद्याने पुठ्ठ्याच्या खोक्यांना मनाई केलेली नाही, दुकानात माल त्यांतूनच येतो आणि ते घरच्या पुनर्वापराच्या डब्यात सहज जातात. खोके गाडीत जास्त जागा अडवतात आणि जिन्यावरून चढवायला अवघड जातात हे खरे आहे. तरी निदान कोरड्या सामानासाठी ग्राहकाला तो पर्याय द्यायला काय हरकत आहे, हे मला कोणी सांगू शकले नाही.

याच दुकानाची दुसरी सोय, म्हणजे ऑनलाइन मागवलेले सामान आपण स्वतः गाडी घेऊन जाऊन उचलणे, या बाबतीत कितीतरी सरस आहे. तिथे ऑर्डर देतानाच पिशव्या नकोत असे सांगता येते. कर्मचारी सामान प्लास्टिकच्या क्रेटमधून बाहेर आणतात, ते आपण डिकीतल्या आपल्या पिशव्यांत भरायचे आणि क्रेट तिथेच राहतो. यात पाच-दहा मिनिटे जास्त जातात, पावसात त्रास होतो, पण घरात एकही नवी पिशवी येत नाही. ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांनी हीच सोय वापरावी, असे मी आग्रहाने सांगेन.

मात्र घरपोच सेवेवर खऱ्या अर्थाने अवलंबून असलेले लोक वेगळे आहेत: गाडी न चालवणारे वृद्ध, तान्ह्या बाळाची आई, आजारी माणूस, मुलांकडे सहा महिन्यांसाठी आलेले आणि दिवसभर घरी एकटे असणारे आई-वडील. पिशव्यांचा ढीग त्यांच्या वाट्याला सर्वात जास्त येतो आणि तो हलवण्याची ताकद त्यांच्याकडे सर्वात कमी असते. त्यांना ही सेवा वापरू नका असे मी म्हणणार नाही. त्यांनी दर आठवड्याच्या दोन छोट्या ऑर्डरींऐवजी एकच मोठी द्यावी, म्हणजे पिशव्या भरून येतात आणि संख्येने कमी होतात. साठलेल्या स्वच्छ पिशव्या जवळच्या अन्नपेढीला (गरजूंना मोफत धान्य देणाऱ्या केंद्राला) फोन करून, त्यांना हव्या असल्यास, पोहोचवाव्यात. आमच्याकडच्या अन्नपेढीने त्या घेतल्या, कारण धान्य न्यायला येणाऱ्या कुटुंबांनाही पिशव्या लागतातच.

सामानाचा दर्जा आणि वक्तशीरपणा यांसाठी मी या सेवेला पाचपैकी चार गुण देईन, पिशव्यांच्या व्यवस्थेसाठी एकच. पिशव्या परत घेण्याची किंवा खोक्यांची सोय सुरू झाली, तर हा दुसरा आकडा मी त्याच दिवशी बदलेन.