गाडी उचलण्याआधी पाटे मोजणारे वाडीतील दुकान

माझी महिंद्रा थार २०१४ सालची, म्हणजे पहिल्या पिढीची असून तिला पुढे टॉर्शन बार (पिळला जाऊन स्प्रिंगचे काम करणारी सळई) आणि मागे पाटे (एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग) आहेत. (२०२० मध्ये आलेल्या थारला मागेही कॉइल स्प्रिंग असल्याने हे परीक्षण तिच्या मालकांच्या फारसे उपयोगाचे नाही.) उमरेडकडच्या शेतावर जाताना नाल्याचा काठ चढला की मागचा बंपर मातीत रुतत असे, म्हणून गाडी दोन इंच उचलून घ्यावी असे ठरवले. नागपूर शहरातील एका गॅरेजने गाडीखाली न वाकताच लांब शॅकलचा, म्हणजे पाट्याचे एक टोक चासीला जोडणाऱ्या झुलत्या कडीचा, भाव सांगितला. तेथून निघून मी अमरावती रस्त्यावरील वाडीत, प्रामुख्याने ट्रकचे पाटे बसवणाऱ्या एका लहानशा दुकानात गेलो.

तेथील मिस्त्रींचे पहिले वाक्य होते, "भाऊ, उचलायचं नंतर पाहू, आधी गाडी बसली किती ते मोजू." त्यांनी गाडी रिकामी करून सपाट फरशीवर उभी केली, दोन्ही मागच्या टायरमधील हवा सारखी केली आणि चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर टेपने घेतले. उजवी बाजू डावीपेक्षा ३२ मिलिमीटर खाली निघाली. नंतर चासीखाली घोड्या लावून एक्सल हळूहळू खाली सोडला आणि पाटे तारेच्या ब्रशने घासून टॉर्चच्या उजेडात पाहिले. उजव्या संचातील तिसऱ्या पाट्याला सेंटर बोल्टच्या भोकापासून निघालेली केसासारखी तडा होती, आणि पाट्यांची टोके ज्या ठिकाणी वरच्या पाट्यावर घासतात तेथे नखाला लागतील इतके खोल चर पडले होते. शॅकलचे बुश (सांध्यातील रबरी नळ्या) तर पहारीने हलवताच जागच्या जागी खेळू लागले.

जुन्या पाट्यांना ठोकून पुन्हा कमान देता येईल का, असे मी खर्चाच्या भीतीने विचारले. नुसती थंड ठोकून दिलेली कमान पुन्हा बसते, आणि थकलेल्या संचात एक नवा जाड पाटा घातला तर गाडी उंच दिसते पण दणके देते, हे त्यांनी शांतपणे समजावले. लांब शॅकलचा हिशोबही तेथेच कळला. शॅकल पाट्याच्या एकाच टोकाला असल्याने दोन इंच उंचीसाठी तो सुमारे चार इंच लांब लागतो, आणि त्याने एक्सल फिरून मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या जॉइंटचा कोन बिघडतो. शिवाय मागचा एक्सल अखंड असल्यामुळे कशानेही गाडी उचलली तरी त्याच्या मधला डिफरन्शिअलचा गोळा होता तेथेच राहतो. तो वर यायला मोठे टायरच हवेत. हे त्या पहिल्या गॅरेजने सांगितले असते तर माझी एक फेरी वाचली असती.

शेवटी कंपनीच्या मूळ उंचीचे दोन्ही संच, बुश आणि पाटे एक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट नवे घेतले. एकदा ताणलेले यू-बोल्ट पुन्हा वापरायला मिस्त्रींनी साफ नकार दिला. बुशचे बोल्ट त्यांनी गाडी चाकांवर उतरवल्यानंतरच पूर्ण आवळले, कारण अधांतरी आवळलेला बुश गाडी खाली येताच पिळला जाऊन लवकर फाटतो. काम संपल्यावर मोजले तेव्हा उजवी बाजू ४८ आणि डावी १६ मिलिमीटर वर आली होती. जे दोन इंच मी विकत घ्यायला निघालो होतो, ते उजव्या बाजूला जवळजवळ पूर्णपणे माझ्याच गाडीने गमावलेले होते. आता नाल्याच्या काठावर बंपर टेकत नाही, त्यामुळे उचलण्याचा बेत मी तूर्त सोडून दिला आहे आणि त्याबरोबर उचललेल्या गाडीला लागणारे लांब शॉकअप, ब्रेकचा लांब होज व गाडीत बदल केल्यावर येणारा आरटीओचा प्रश्नही सुटला आहे.

उणिवा आहेतच. सकाळी दिलेली गाडी संध्याकाळी मिळेल असे सांगून दुसऱ्या दिवशी दुपारी दिली, बसायला ट्रकच्या टायरशिवाय जागा नाही, आणि २१,४०० रुपयांच्या बिलात सुटे भाग व मजुरी वेगळी मांडलेली नव्हती; मागितल्यावर ती पाठीमागे हाताने लिहून दिली. ठरावीक जोराने आवळण्याचा टॉर्क पाना मात्र होता आणि वापरलाही. सांगितल्याप्रमाणे ५०० किलोमीटरनंतर गेलो तेव्हा नवे पाटे दोन्हीकडे ६ मिलिमीटर बसले होते, डाव्या यू-बोल्टची एक नट पाव फेरा आवळावी लागली, आणि त्याचे पैसे घेतले नाहीत.