गोठ्याचं घर करताना: चुन्याचा गिलावा की जिप्सम बोर्ड?

छप्पर, पाया आणि वायरिंग ही कामं जाणत्या माणसांकडून करून घेतली, की गोठ्याचं घर करताना आपल्या हाताने करण्याजोगं सगळ्यात मोठं काम उरतं ते राहत्या खोल्यांच्या भिंतींचं. मी दोन्ही प्रकार केले आहेत: खालच्या दगडी भिंतींना चुना लावला, वर वैरणीच्या माळ्यावर जिप्सम बोर्ड, म्हणजे दोन्ही बाजूंना कागद असलेल्या जिप्समच्या तयार फळ्या, बसवले. यातलं कोणतं निवडू असं कुणी विचारलं, तर मी आधी विचारते की भिंतीत काय मुरलंय?

कारण गोठ्याच्या भिंतीत वर्षानुवर्षं जनावरांचं मूत मुरलेलं असतं. त्यातून खालच्या भागात नायट्रेटसारखे क्षार साठतात आणि ते हवेतली ओल ओढून घेतात. छप्पर कुठेही गळत नसलं, तरी हवा दमट झाली की भिंत ओलसर दिसते. आमच्या गव्हाणीमागे गुडघ्याइतक्या उंचीचा काळपट पट्टा होता. ब्रशने झाडला की पांढरा लोणा पिठासारखा हातावर यायचा, आणि आठवड्याभरात पुन्हा फुलायचा. अशा भिंतीला सिमेंटचा गिलावा करूच नका. तो ओल आत कोंडतो आणि शेवटी पोपडे धरून सुटतो.

इथे चुनाच हवा. तो भिंतीतली वाफ बाहेर जाऊ देतो. क्षार आले तरी ते गिलाव्यात येऊन थांबतात, दगड वाचतो. पुढेमागे खालचा हातभर पट्टा खरवडून नव्याने भरला की झालं. एक भाग चुना, तीन भाग धुतलेली खरबरीत वाळू, आणि पहिल्या थरात तडे जाऊ नयेत म्हणून जनावराचे केस किंवा तागाचे बारीक तुकडे. थर साधारण १० मिलिमीटरचा, त्याहून जाड नको. भिंत आधी पाण्याने भिजवायची, माल थापीने जोर लावून मारायचा, गुरमाळ्याने सारखा करायचा. पहिली भिंत माझ्या हातून ओबडधोबड झाली, तिसरीपर्यंत हात बसला. दगडी भिंतीवर थोडा उंचसखलपणा शोभूनच दिसतो.

चुन्याला वेळ मात्र द्यावाच लागतो. उन्हावाऱ्याने झटकन वाळला तर तडकतो, म्हणून ओलं गोणपाट टांगून ठेवायचं आणि दोन थरांमध्ये निदान आठवडाभर थांबायचं. ओला चुना त्वचा आणि डोळे भाजतो. गॉगल आणि हातमोजे घातल्याशिवाय घमेल्याला हात लावू नका.

बोर्डाचं काम कोरडं आणि झटपट. माळ्याच्या उतरत्या छताला आणि नव्या आडभिंतींना तोच बरा. वाशांमध्ये इन्सुलेशन भरून वरून बोर्ड स्क्रूने मारला की दोन-तीन दिवसांत खोलीला रूप येतं. पण १२.५ मिलिमीटर जाडीचा, १.२ बाय २.४ मीटरचा एक बोर्ड सुमारे २५ किलोचा असतो. छताला लावताना दोन माणसं हवीतच, किंवा भाड्याने बोर्ड लिफ्ट आणावी. खरी कसोटी सांध्यांची. टेप लावून पुट्टीचे तीन हात, प्रत्येक हात आधीच्यापेक्षा रुंद. घाई केली की खिडकीतून तिरका प्रकाश पडताच प्रत्येक सांधा उठून दिसतो. जड फळी टांगायची असेल तिथे बोर्डामागे आधीच लाकडी पट्टी बसवून घ्या. न्हाणीघराला ओलावारोधक बोर्ड वापरा.

ओल दिसू नये म्हणून दगडी भिंतीपुढे बोर्ड उभा करण्याचा मोह होतो. मी तो सल्ला देणार नाही. ओल मागे तशीच राहते, बुरशी धरते, आणि कळतं तेव्हा सगळं उचकटावं लागतं.

दोन्ही करणार असाल तर चुना आधी लावा. त्याची ओल हवेत बरेच आठवडे राहते, आणि त्या दमट खोलीत आणलेले बोर्ड पोक काढतात. चुन्यावर चुन्याचाच हात द्या. प्लास्टिक पेंट लावला तर वाफेची वाट पुन्हा बंद होते.