चिदेंग की बान्यूबिरू: जावातल्या दोन छावण्या

दुसऱ्या महायुद्धात जपानने डचांच्या ताब्यातलं जावा बेट (आज इंडोनेशियात) घेतलं आणि तिथल्या डच नागरिकांना छावण्यांत कोंडलं. चिदेंग म्हणजे बंगल्यांची वस्ती, बान्यूबिरू म्हणजे तुरुंग. डच बायका-मुलांसाठी वस्तीच बरी असेल असं वाटतं, पण तसं नव्हतं.

बटाव्हियातला (आजचं जकार्ता) चिदेंग भाग जपान्यांनी १९४२ मध्ये बांबूच्या तट्ट्या आणि काटेरी तारांनी बंद केला. पुढे कुंपण आत सरकत गेलं आणि माणसं वाढतच गेली. ऑगस्ट १९४५ मध्ये तिथे दहा हजारांहून जास्त जण कोंबलेले होते. एका कुटुंबापुरता बांधलेला संडास एवढ्यांना कसा पुरणार? टाक्या तुंबल्या, मैला गटारात आला, आमांश पसरला. एप्रिल १९४४ पासून छावणीचा जपानी प्रमुख कॅप्टन सोनेई याचा अंमल: तासन्तास हजेरी, कमरेतून वाकून नमस्कार, शिक्षा म्हणून सगळ्यांचा पाव बंद.

मध्य जावातल्या अंबारावा गावाजवळची बान्यूबिरू १० (छावणीचा क्रमांक) म्हणजे डचांनीच बांधलेला तुरुंग. उंच भिंती, कोंदट कोठड्या, ढेकूण. उपासमार दोन्हीकडे तीच, आणि दहा-अकरा वर्षांचे मुलगे आयांपासून तोडून पुरुषांच्या छावण्यांत धाडले जात.

खरा फरक ऑगस्ट १९४५ मधल्या जपानच्या शरणागतीनंतर पडला. बटाव्हियात सप्टेंबरअखेर ब्रिटिश भारतीय फौज उतरली. अंबारावा भागावर मात्र स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या इंडोनेशियन सशस्त्र तरुणांचे हल्ले झाले आणि नोव्हेंबरमध्ये त्याच फौजेतल्या गुरखा सैनिकांना लढून या बायका-मुलांना वाचवावं लागलं.